इंजिन बदलले, तरी गाडी तीच का?

इंदूरच्या मराठी घरात जुन्या मोटारींचा विषय निघाला की तो फिरून महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्या ड्युसेनबर्गपाशी येतो. इंडियानापोलिसची चासी, लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने बांधलेली बॉडी, एका ओळीत आठ सिलिंडर, वर सुपरचार्जर आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. इतकी लांबलचक गाडी, पण बसणार माणसे दोन. हे सगळे आपल्या ज्येष्ठांनी अनेकदा सांगून झाले आहे. कमी सांगितली जाणारी गोष्ट वेगळी आहे. ड्युसेनबर्गच्या 'जे' मालिकेच्या पाचशेहूनही कमी गाड्या बनल्या, आणि जाणकार त्यातली एकेक गाडी ओळखतात ती इंजिनावर ठोकलेल्या, 'जे' अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून. आता अडचण पाहा. याच गाड्यांची इंजिने पुढच्या काळात आपसांत बदलली गेली. मग ज्या क्रमांकाने गाडी ओळखायची तो क्रमांकच दुसऱ्या चासीवर जाऊन बसला, तर गाडी कोणती म्हणायची?

आम्ही डिप्लोमावाले. सरकारी खात्याच्या वाहनांची देखभाल हा आमचा रोजचा व्यवसाय. इतिहासाचा अभ्यास संध्याकाळी आणि रविवारी. त्यामुळे स्मरणिकेत दरवर्षी येणाऱ्या किल्ले, छत्र्या आणि घराण्यांच्या लेखांच्या रांगेत हा लेख थोडा तेलकट हातांचा वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. आम्ही निवडलेली कथा अमेरिकेतल्या 'मसल कार' या मोटारींची आहे. घरातल्या तरुण मंडळींना या गाड्या चित्रपटांतून ठाऊक आहेत. त्यांच्या इंजिनांची अदलाबदल हा मात्र एक सबंध इतिहास आहे आणि त्याचे एक टोक आपल्याकडेही येते.

मसल कार म्हणजे काय, याचे सोपे उत्तर असे: मध्यम आकाराच्या, साध्या, दोन दरवाजांच्या मोटारीत तिच्यापेक्षा मोठ्या मोटारीचे इंजिन. म्हणजे या गाडीचा जन्मच मुळी इंजिनाच्या अदलाबदलीतून झाला. ती खोड अमेरिकेत जुनी होती. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडणारे आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन बाजारात आणले, अवघ्या ६५ अश्वशक्तीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या पोरांनी कॅलिफोर्नियातल्या कोरड्या पडलेल्या तलावांच्या पात्रात जुन्या फोर्ड गाड्या पळवायला सुरुवात केली. भंगारातून मोठे इंजिन आणायचे, हलक्या गाडीत बसवायचे आणि निघायचे. १९४९ साली ओल्ड्समोबिल कंपनीने हेच काम कारखान्यात केले. 'रॉकेट' नावाचे १३५ अश्वशक्तीचे नवे इंजिन त्यांनी आपल्या हलक्या गाडीत घातले आणि तिला '८८' म्हटले. पुष्कळ जण पहिली मसल कार हीच मानतात.

१९५५ साली शेव्हरोलेचे 'स्मॉल ब्लॉक' आले. एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे २६५ घनइंचांचे, म्हणजे ४.३ लिटरचे इंजिन दिसायला काही विशेष नव्हते. आटोपशीर, स्वस्त, दुरुस्तीला सोपे, इतकेच. पुढे त्याचेच भाऊबंद २८३, ३२७ आणि ३५० घनइंचांचे झाले आणि २०११ च्या अखेरीस जनरल मोटर्सने आपले दहा कोटीवे स्मॉल ब्लॉक बनवले. आपल्याकडे ज्याला 'फाउंडेशन' म्हणतात ते इंजिनाचे पाय आणि गिअरबॉक्सशी जुळणारी भोके या घराण्यात वर्षानुवर्षे जवळजवळ तशीच राहिली. म्हणून १९५७ च्या गाडीत १९७५ चे इंजिन एखादा होतकरू मुलगा आपल्या अंगणात शनिवार-रविवारात बसवू शकत होता. याचे महत्त्व मुंबई-पुण्याच्या पदवीधर इंजिनिअराला एक वेळ समजणार नाही. मिस्त्रीला लगेच समजते.

आता १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना मोटारशर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितले. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही असाही दंडक होता. पाँटिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरिअन, त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी यांच्या ध्यानात आले की टेम्पेस्ट या मध्यम गाडीत बसणारे ३२६ घनइंचांचे इंजिन आणि मोठ्या गाडीतले ३८९ घनइंचांचे इंजिन बाहेरून एकाच मापाची आहेत. आतले सिलिंडर वेगळे, बाहेरचा डबा तोच. एक काढायचे, दुसरे ठेवायचे. कंपनीच्या दंडकाचे काय? त्यावर त्यांनी खास सरकारी कचेरीत शोभेल अशी पळवाट काढली. दंडक नव्या 'मॉडेल'ला लागू होता. म्हणून त्यांनी जीटीओला मॉडेल म्हटलेच नाही. टेम्पेस्ट ल मॅन्स गाडीवर सुमारे ३०० डॉलर जादा देऊन मिळणारा तो एक 'पर्याय' होता. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. वरिष्ठांचा राग त्या आकड्यापुढे विरघळला असणार.

मग सगळ्यांनीच तो मार्ग धरला. क्रायस्लरचे ४२६ घनइंचांचे 'हेमी' इंजिन १९६४ च्या डेटोना शर्यतीत रिचर्ड पेटीने गाजवले आणि १९६६ पासून ते रस्त्यावरच्या गाड्यांत ४२५ अश्वशक्तीच्या शिक्क्यासह मिळू लागले. पेनसिल्वेनियातल्या कॅनन्सबर्ग गावचा विक्रेता डॉन येन्को तर एक पाऊल पुढे गेला. शेव्हरोले कॅमारोत ४२७ घनइंचांचे इंजिन द्यायला तयार नव्हती, म्हणून १९६७ साली त्याने आपल्याच दुकानात नव्या कोऱ्या कॅमारोंची इंजिने उतरवून ती जागा मोठ्या इंजिनांनी भरली. आज त्या 'येन्को कॅमारो' संग्राहकांच्या दृष्टीने अमोल आहेत. वाचकांनी हे लक्षात ठेवावे: इथे बदललेले इंजिन हेच गाडीचे अस्सलपण ठरले.

१९७० साली शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळू लागले आणि कळस झाला. कळसापुढे उतारच असतो. तरुण चालकांचे विम्याचे हप्ते गाडीच्या हप्त्याशी स्पर्धा करू लागले. १९७० च्या अखेरीस स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. शिसेविरहित पेट्रोल येणार म्हणून १९७१ साली जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले. हेमी त्याच वर्षी बंद झाले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली. १९७५ ची साधी कॉर्व्हेट १६५ अश्वशक्तीवर आली होती. मोजण्याची पद्धत १९७२ साली बदलल्यामुळे आकडे थोडे अधिकच पडलेले दिसतात, हे खरे; पण पडले होते हेही खरेच.

या पडत्या काळातला एक खटला आमच्या विषयाचा गाभा आहे. १९७७ साली ओल्ड्समोबिलच्या गाड्यांना मागणी फार होती आणि त्यांचे 'रॉकेट' इंजिन पुरेनासे झाले. जनरल मोटर्सने काही ओल्ड्समोबिल गाड्यांत शेव्हरोलेचे ३५० घनइंचांचे इंजिन बसवले आणि गिऱ्हाइकाला सांगितले नाही. आकार तितकाच, ताकद जवळपास तितकीच, कंपनी एकच. बिघडले कुठे? सुटे भाग घ्यायला गेलेल्या मालकांना ते बसेनात, तेव्हा बोभाटा झाला. इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांनी दावा लावला, आणखी राज्ये पुढे आली आणि कंपनीला तडजोड करावी लागली: गिऱ्हाइकाला २०० डॉलर आणि जादा मुदतीची हमी. गाडी चालत नव्हती असे कोणाचेच म्हणणे नव्हते. आपण ज्याचे पैसे मोजले ते 'रॉकेट' यात नाही, एवढेच म्हणणे होते. आम्हाला हे म्हणणे पूर्ण पटते. वस्तूचे नाव हे अर्ध्या किमतीचे असते, आणि ते कुणी परस्पर बदलू नये.

मधल्या काळात मसल कारची किंमत जुन्या गाडीइतकीच होती. शर्यतीत इंजिन फुटले की भंगारातले पहिले हाताला लागेल ते बसवायचे. मूळ इंजिन गेले कुठे हे कोण पाहतो? १९८० च्या दशकात त्यावेळची पोरे चाळिशीकडे झुकली, हातात पैसा आला, आणि गाड्यांचे भाव चढले. तेव्हापासून 'मॅचिंग नंबर्स' हा मंत्र सुरू झाला. १९६८ पासून गाडीच्या ओळख-क्रमांकाचा काही भाग इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकला जाऊ लागला होता. तो आणि चासीवरचा क्रमांक जुळला की गाडी अस्सल. जून २०१४ मध्ये सिअॅटलच्या लिलावात १९७१ ची उघड्या टपाची हेमी 'कुडा' ३५ लाख डॉलरला गेली. तीच बॉडी, तोच रंग, पण कारखान्यातून ३१८ घनइंचांचे साधे इंजिन घेऊन निघालेली आणि नंतर हेमी बसवलेली गाडी आली, तर बाजार तिला 'क्लोन' म्हणतो आणि त्या रकमेच्या आसपासही फिरकत नाही. जिथे एवढा फरक, तिथे लबाडी आलीच. ब्लॉकवरचा जुना क्रमांक घासून नवा ठोकणारे कलाकार तिथेही आहेत.

आता ज्याच्याकडे गाडी आहे आणि मूळ इंजिन नाही, त्याने काय करावे? अमेरिकेतल्या हजारो घरांसमोर आज हाच प्रश्न आहे. एक वाट म्हणजे गाडी ज्या महिन्यात बनली त्याच्या थोडे आधी ओतलेला, त्याच जातीचा ब्लॉक शोधायचा. ओतीव कामावर तारखेची खूण असते, ती जुळवायची. वेळखाऊ आणि महाग काम, पण गाडी आपल्या काळात राहते. दुसरी वाट त्याच घराण्यातले नवे इंजिन आणण्याची. जनरल मोटर्स ३५० घनइंचांचे इंजिन खोक्यात घालून विकते. त्याला 'क्रेट इंजिन' असेच म्हणतात. १९६९ च्या शेव्हेलमध्ये ते जुन्याच पायांवर, जुन्याच गिअरबॉक्सला लागते. फोर्ड मस्टँगवाल्यांसाठी २८९ आणि ३०२ घनइंचांचे घराणे तसेच सोयीचे आहे.

तिसरी वाट सध्या फार चालते. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर 'एलएस' नावाचे नवे इंजिन आले. अॅल्युमिनियमचा ब्लॉक, ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती. जुने बिडाचे स्मॉल ब्लॉक सुमारे २६० किलोचे, हे २०० किलोच्या आसपास. पुढचा भार कमी झाल्यावर जुनी गाडी वळणावर शहाण्यासारखी वागते. गंमत म्हणजे दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांतले अंतर १९५५ साली ४.४० इंच होते, या नव्या इंजिनातही तेच आहे. बाकी मात्र नवे बिऱ्हाड मांडावे लागते. इंजिनाचे पाय वेगळे. खालचे ऑइल चेंबर चासीच्या आडव्या पट्टीला अडते. कार्बोरेटरला पाच-सात पौंड दाबाने पेट्रोल पुरते, इथे सुमारे ५८ पौंड लागतात. म्हणजे पंप आणि नळ्या नव्या. संगणक आणि तारांचे जाळे वेगळेच. आणि एवढे झाल्यावर ब्रेक १९६९ चेच ठेवले, तर त्या माणसाला नमस्कार. जुन्या मस्टँगमध्ये फोर्डचे नवे 'कोयोट' इंजिन घालणाऱ्यांची गत आणखी कठीण. त्याच्या हेडवर चार कॅमशाफ्ट असल्याने ते रुंद आहे, आणि मस्टँगच्या बॉनेटखाली दोन्ही बाजूंना सस्पेन्शनचे बुरूज उभे आहेत. बुरूज पाडल्याशिवाय गडावर प्रवेश नाही! क्रायस्लरवाल्यांना २०१८ पासून ७०७ अश्वशक्तीचे 'हेलक्रेट' मिळाले. फोर्डने २०२१ साली विजेची मोटरही खोक्यात घालून विकायला काढली.

आमचे मत विचाराल तर पाँटिअॅकमध्ये पाँटिअॅकचे इंजिन असावे. शेव्हरोलेचे स्वस्त पडते म्हणून जीटीओत घालणाऱ्यांबद्दल तिथले जुने शौकीन जे बोलतात ते स्मरणिकेत छापता येणार नाही. कायद्याला मात्र घराण्याशी कर्तव्य नसते. कॅलिफोर्नियात नियम असा की बदललेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे आणि त्या इंजिनाची धूर-नियंत्रणाची सगळी सामग्री सोबत असावी. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. गाडी जुनी असणे हा गुन्हा नाही, एवढे तरी त्यात मान्य केलेले दिसते.

आपल्याकडे ही गोष्ट उलट्या दिशेने घडली. तिथे लहान इंजिन काढून मोठे घातले, इथे मोठे काढून लहान. अमेरिकन मोटारी मुंबईत आधीपासून जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. तो १९५४ साली बंद झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. नावे तीन, पण आत बहुधा सहा सिलिंडरांचे तेच साइड-व्हॉल्व्ह इंजिन. संस्थानिक, वकील, डॉक्टर, गिरणीमालक यांच्या या गाड्या. १९७३ नंतर पेट्रोल भडकले आणि हत्तीला पोसणे अवघड झाले. मग इंदूर, बडोदे, हैदराबाद, जिथे जिथे अशा गाड्या होत्या तिथल्या गॅरेजांत एकच उद्योग सुरू झाला: पेट्रोल इंजिन उतरवायचे आणि डिझेल बसवायचे. कुणी मद्रासच्या सिम्पसनमध्ये बनणारे पर्किन्स घाली, कुणी मिळेल ते. इम्पालासारख्या राजेशाही गाडीतून ट्रकसारखा खडखडाट येई, धूर येई, पण गाडी लग्नाच्या वरातीला उभी राही. आज ज्या गाड्या जिवंत आहेत त्यांतल्या कित्येक या डिझेलमुळेच भंगारात गेल्या नाहीत.

जीपचेही तसेच. विलिसचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन १३४ घनइंचांचे, दणकट पण तहानलेले. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला त्याचा कारखाना उभा केला. इंजिनाचे नाव एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. आमच्या वर्कशॉपमधले निवृत्त मिस्त्री हे नाव अजून सासरच्या माणसाच्या नावासारखे आदराने घेतात. त्यांनी किती पेट्रोल जीपांत ते बसवले याची गणती नाही. अँबॅसडरनेही आयुष्यात वेगवेगळी इंजिने पाहिली: बीएमसीचे दीड लिटरचे पेट्रोल, त्याच घराण्यातले डिझेल आणि १९९० च्या दशकात इसुझूचे १.८ लिटर. बॉडी मात्र २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत तीच.

हे सगळे आता आठवण्याचे कारण जुलै २०२१ चे केंद्र सरकारचे नियम. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. नियम चांगला आहे, त्याची गरजही होती. पण ज्या घरांनी पोटाला चिमटा घेऊन, डिझेल घालून गाडी वाचवली, नेमकी त्यांचीच गाडी या व्याख्येच्या दारात अडकते. ज्यांना पेट्रोल परवडत राहिले किंवा ज्यांनी गाडी झाकून ठेवली, त्यांची सहज आत जाते.

आमच्या परिचयातल्या एका मराठी कुटुंबात कुर्ल्याची अशीच एक प्लिमथ आहे. आजोबांनी घेतलेली, काकांनी डिझेल केलेली. नातवंडांत दोन तट आहेत. धाकट्यांना आधुनिक इंजिन, वातानुकूलन आणि सहलीला नेता येईल अशी गाडी हवी. थोरल्यांना आजोबांच्या वेळची. आमच्याकडे सल्ल्याला आले तेव्हा आम्ही आधी आर.सी. बुक मागितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलले की नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि जुन्या काळी पुष्कळांनी ती घेतलेली नसते. काकांनी मात्र घेतली होती. बुकात डिझेल इंजिनाचा क्रमांक टपोऱ्या अक्षरांत नोंदलेला आहे आणि वरच्या ओळीत मूळ क्रमांक खोडलेला, पण वाचता येतो.

मूळ इंजिन चाळीस वर्षांपूर्वीच भंगारात गेले. ते मिळणार नाही. पण क्रायस्लरचे ते सहा सिलिंडरांचे घराणे मोठे आहे. डॉजच्या ट्रकमधून ते १९६० च्या दशकापर्यंत येत राहिले, त्यामुळे मिळण्याची आशा आहे. दिवाळीपर्यंत दोन ठिकाणी ब्लॉक पाहायचे ठरले आहे. हेडला तडा आहे का, बोअर किती वेळा झाला आहे, क्रमांकाची जागा कोणी घासली आहे का, हे तपासायला आम्ही बरोबर जाणार. डिझेल इंजिन विकायचे नाही, तेल घालून, लाकडी ठोकळ्यांवर वाड्याच्या मागच्या खोलीत ठेवायचे, असे आम्ही सुचवले. थोरल्यांनी लगेच मान डोलावली. धाकटा म्हणाला, त्या खोलीत त्याची मोटारसायकल असते.